सौदा गुंठ्यात, सातबारा आरमध्ये: जमीन घेताना क्षेत्राचा हिशेब कसा करावा

जमिनीचा दर गुंठ्यावर बोलला जातो. मालक क्षेत्र एकरात सांगतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर छापलेले असतात. मुद्रांक शुल्कासाठी धरला जाणारा सरकारी दर शेतजमिनीला हेक्टरी असतो, तर बिगरशेती जमिनीला चौरस मीटरवर. एकाच व्यवहारात इतकी मापे आली की मधला माणूस सोपा तोडगा काढतो, "आर म्हणजे गुंठाच, धरून चला." धरून चालायला तो सांगतो, पैसे मात्र आपण मोजतो. म्हणून इसार देण्याआधी अर्धा तास मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसावे.

१. आधी मोजके आकडे पक्के करा

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ब्रिटिश काळातल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, ३३ गुणिले ३३. चौरस मीटरमध्ये हे १०१.१७ भरते. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट किंवा ४०४६.८६ चौरस मीटर.

सरकारी बाजू सरळ आहे. १०० चौरस मीटर म्हणजे एक आर आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

यावरून हेक्टर म्हणजे ९८.८४ गुंठे, अर्थात २ एकर १८.८४ गुंठे. "हेक्टर म्हणजे अडीच एकर" असे सगळेच म्हणतात, पण अडीच एकर म्हणजे १०० गुंठे. सव्वा गुंठ्याच्या आसपासची जमीन त्या बोलण्यातच वाढते.

२. सातबारा नीट वाचा

क्षेत्राच्या रकान्यात ०.६५.०० असे दिसते. पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. म्हणजे ही जमीन ६५ आर, ६५०० चौरस मीटर. बिगरशेती सातबाऱ्यावर हेक्टरचा रकाना नसतो, आर आणि चौरस मीटरच असतात. तिथे २.५० म्हणजे अडीच हेक्टर नव्हे, २ आर ५० चौरस मीटर. जेमतेम अडीच गुंठ्यांचा प्लॉट.

शेतजमिनीला एकूण क्षेत्राखेरीज लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो. पोटखराबा 'अ' म्हणजे खडकाळ किंवा अन्य कारणाने पिकाखाली न येणारा भाग. 'ब' म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा अशा सार्वजनिक वापराचा भाग. दर ठरवताना हा भाग धरला की सोडला, हे तोंडी ठेवू नका. 'ब' वर्गातल्या रस्त्याचे पैसे पूर्ण दराने देण्यात काही शहाणपण नाही.

तिसरी गोष्ट, खातेदार अनेक असतील तर गटाचे एकूण क्षेत्र पाहून भुलू नका. जो विकतो आहे त्याच्या नावापुढे किती क्षेत्र आहे ते बघा. नावे एकत्र कंसात असतील आणि क्षेत्र सामाईक असेल, तर त्याचा हिस्सा किती हे फेरफारावरून, म्हणजे हक्क बदलल्याच्या सरकारी नोंदीवरून, काढावे लागेल. ते नीट निघाल्याशिवाय गुंठ्यांचा गुणाकार करण्यात अर्थ नाही.

३. आरचे गुंठे करा

चौरस मीटरला १०१.१७ ने भागायचे, की झाले गुंठे. बांधावर उभे असताना तोंडी हिशेब हवा असेल, तर जेवढे आर तेवढ्यातून शेकडा १.१६ वजा करा. वरच्या ६५ आरमधून पाऊण गेले, राहिले सव्वाचौसष्ट गुंठे. म्हणजे एक एकर आणि सव्वाचोवीस गुंठे.

आता पैसे. मालकाने "६५ गुंठे आहेत, गुंठ्याला दोन लाख" असे सांगितले तर १ कोटी ३० लाख होतात. खरे गुंठे ६४.२५, म्हणजे १ कोटी २८ लाख ५० हजार. दीड लाखाचा फरक, केवळ आरला गुंठा म्हटल्यामुळे. यातच चार आर पोटखराबा असेल आणि तो सोडायचे ठरले असेल, तर ६१ आरचे ६०.२९ गुंठे उरतात आणि रक्कम साधारण १ कोटी २० लाख ५८ हजारांवर येते. दर तोच, जमीन तीच.

उलट जायचे असेल तर गुंठ्यांना १.०११७ ने गुणा. २ एकर १५ गुंठे म्हणजे ९५ गुंठे, म्हणजे ९६.११ आर. सातबाऱ्यावर हे ०.९६.११ असे लिहिले जाईल. पूर्णांक करताना थोडे चौरस मीटर इकडेतिकडे झालेले असू शकतात, त्यावरून भांडू नये. पण जुन्या फेरफारात २ एकर १५ गुंठे आणि आजच्या सातबाऱ्यावर ०.९०.०० दिसत असेल, तर मधले सहा आर कुठे गेले ते विचारलेच पाहिजे. रस्त्यात गेले, कालव्यात गेले, की मधल्या काळात कोणाला विकले? मधल्या फेरफारांत ते सापडते.

४. टिंबापासून सावध

माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. जुन्या कागदांत एकर-गुंठे १-२० असे आडव्या रेघेने लिहीत. टाइप करताना रेघेचे टिंब होते आणि १.२० दिसू लागते. कॅल्क्युलेटरला ते सव्वा एकराहूनही कमी वाटते. प्रत्यक्षात ते १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. एकर-गुंठ्यातले टिंब दशांश नसते, कारण एकराचे ४० भाग होतात, १०० नव्हे.

पूर्व विदर्भात नेमके उलटे. तिथे एकराचे शंभर भाग पाडून डिसमिल धरतात, एक डिसमिल ४३५.६ चौरस फुटांचे. तिथला १.२५ एकर खरोखरच सव्वा एकर. तोच आकडा पुणे-सातारकडचा माणूस एकर-गुंठे म्हणून वाचेल आणि १ एकर २५ गुंठे, म्हणजे १.६२ एकर समजेल. दुसऱ्या भागात जमीन बघत असाल तर आकडा ऐकल्या ऐकल्या विचारा, "गुंठे की डिसमिल?"

हेक्टर-आरमध्ये टिंब निरुपद्रवी असते, फक्त शून्य गाळू नका. ०.०५.०० म्हणजे पाच आर. कोणी घाईत ०.५ लिहिले, तर ती अर्धा हेक्टर झाली.

५. आणे कुठले ते ओळखा

गुंठ्याचे सोळा आणे. एक आणा ६८ चौरस फुटांचा. जुन्या कागदात ०-१२-८ असे असेल तर १२ गुंठे ८ आणे, म्हणजे साडेबारा गुंठे. पण खातेदाराच्या नावापुढेही आणे येतात, आणि ते क्षेत्राचे नसून हिश्शाचे असतात. तिथे ४ आणे म्हणजे चौथा हिस्सा, ५ आणे ४ पै म्हणजे तिसरा. तीन भावांच्या सातबाऱ्यावर प्रत्येकापुढे "५ आ. ४ पै" दिसले तर दचकू नका. सोळा आण्यांचा रुपया होता, त्याचे तीन वाटे केलेत.

शहरांतल्या जुन्या दस्तांत चौरस वार भेटतात. एक चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, आणि १२१ चौरस वार म्हणजे गुंठा. मिळकत पत्रिकेवर (शहरी जागेच्या सरकारी उताऱ्यावर) मात्र चौरस मीटरच असतात. बिघा, पांड, चाहूर अशी नावे फार जुन्या कागदांत येतात. काठीची लांबी ठिकाणागणिक बदलत असल्याने त्यांचे सरसकट रूपांतर करू नये, पुढच्या काळात तीच जमीन एकरात किती नोंदली गेली ते शोधावे.

बेळगाव, निपाणीकडे जमीन घेणार असाल तर तिथली पहाणी (तिकडचा सातबारा) अजून एकर-गुंठ्यातच असते. गोव्यात उलट, दरही चौरस मीटरवर बोलतात. तिथल्या दराला १०१.१७ ने गुणले की आपल्या ओळखीचा गुंठ्याचा दर हाती येतो.

६. टेपने मोजताना कर्ण घ्या

लहान तुकडा लोक स्वतः मोजतात. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. जागा काटकोनी असेल तरच हे बरोबर येते. वाकडी जागा असेल तर उत्तर नेहमी जास्त येते, कधीच कमी येत नाही. विकणाऱ्याला ही पद्धत का आवडते ते लक्षात येईल.

समजा बाजू क्रमाने १००, १२०, ८० आणि १३० फूट आहेत. सरासरीने ९० गुणिले १२५, म्हणजे ११,२५० चौरस फूट, १०.३३ गुंठे. आता १०० आणि १२० फुटांच्या बाजू जिथे मिळतात तो कोपरा सोडून, त्यांच्या दुसऱ्या टोकांमध्ये टेप आडवा धरा. तो कर्ण १३० फूट भरला, तर जागेचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज निम्मी करायची, त्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वजा करायची, चारही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. पहिला त्रिकोण ५,६९९ आणि दुसरा ४,९४८, मिळून १०,६४७ चौरस फूट, ९.७८ गुंठे. अर्ध्या गुंठ्याहून जास्त हवा होती.

प्लॉटिंगमध्ये आणखी एक विचारावे, तुमचा गुंठा किती फुटांचा? १००० चौरस फुटांचा तुकडाही काही जण गुंठा म्हणून खपवतात, आणि काही जण समोरच्या रस्त्याचा वाटा त्यातच धरतात. तसेच गुंठा-दोन गुंठे शेतजमीन घेताना तुकडेबंदीचा कायदा आड येतो. तो १९४७ चा असला तरी अलीकडे त्यात बदल झालेले आहेत, म्हणून दस्ताआधी वकिलाकडून चालू नियम समजून घ्या.

७. इसार पावतीवर एकक लिहा

"एक एकर जमीन" एवढे लिहून इसार देऊ नका. लिहा, "गट नंबर अमुक पैकी क्षेत्र ० हेक्टर ४० आर ४७ चौरस मीटर, म्हणजेच १ एकर ० गुंठे." दोन्ही मापे असावीत, आणि फरक पडल्यास कोणते धरायचे तेही असावे. मी चौरस मीटर धरायला सांगेन, कारण खरेदीखत आणि फेरफार त्यावरच होतो. सौदा उक्ता, म्हणजे सगळ्या जमिनीची मिळून एकच रक्कम ठरवून, असेल तर तसे स्पष्ट लिहा. दरावर असेल तर पुढचे वाक्य घाला, "अंतिम रक्कम शासकीय मोजणीत येणाऱ्या क्षेत्राप्रमाणे ठरेल." मग भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्दी दाखवताना स्वतः हजर राहा, आणि 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हाती आली की त्यावरचे चौरस मीटर १०१.१७ ने भागून पाहा. मालकाला ही अट मान्य नसेल, तर क्षेत्राबद्दल त्याला स्वतःलाच शंका आहे असे समजून दर पुन्हा बोलायला बसा.