रेल्वे कंपनीचं एस्टिमेट कसं तपासावं?

अमेरिकेत बहुतेक रूळ खासगी मालगाडी कंपन्यांच्या मालकीचे: युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ, सीएसएक्स वगैरे. फाटकावरचा रस्ता रुंद करायचा झाला, की रुळाचं काम कंपनी सहसा आपल्याच माणसांकडून करून घेते आणि राज्याच्या रस्ते खात्याकडे एस्टिमेट धाडते. टेंडर नाही, त्यामुळे ताडून बघायला दुसरा दर नाही. म्हणून दरांवर घासाघीस करत बसू नका. मापं आणि दिवस तपासा.

आधी रस्त्याचा नकाशा शेजारी घ्या. समजा, रस्ता खांद्यांसह (कडेच्या पट्ट्यांसह) ४० फूट आहे आणि एस्टिमेटमध्ये काँक्रीटचे पॅनल, म्हणजे फाटकावर रुळांलगत बसवायच्या लाद्या, ६४ फूट लावलेत. लगेच लाल पेन उचलू नका. रस्ता रुळाला ४५ अंशात छेदत असेल, तर रुळाच्या दिशेने माप ५७ फुटांच्या आसपास जातं. पॅनल ८ फुटी धरले तर आठ लागतात, म्हणजे ६४ फूट बरोबर. छेद काटकोनात असेल, तर मात्र जास्तीच्या २४ फुटांचं कारण विचाराच.

मग फ्लॅगिंग, म्हणजे काम चालू असताना गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा (फ्लॅगमनचा) खर्च. पैसा मुरतो तो इथे. रुळाच्या २५ फुटांच्या आत काम असलं, की कंपनी साधारणपणे आपला फ्लॅगमन उभा करते. रोजंदारी, ओव्हरटाइम, प्रवास सगळं आपल्या, म्हणजे रस्ते खात्याच्या, माथी. ठेकेदाराचं वेळापत्रक मागवा आणि २५ फुटांच्या आतले दिवस बोटावर मोजा. क्रेन बाहेर उभी असली, तरी तिचा बूम (लांब हात) आत येत असेल तर तो दिवसही धरा. तुमचे २५ दिवस आणि त्यांचे ६० निघाले, तर मधल्या ३५ दिवसांचा हिशेब लेखी मागा.

जुना रूळ दर यार्ड लांबीला ११५ पौंड वजनाचा आणि नवा १३६ चा दाखवलाय? रस्त्याच्या कामासाठी त्याची गरज नसेल, तर ती ‘बेटरमेंट’, म्हणजे कंपनीची स्वतःची सुधारणा. वाढीव खर्च त्यांचा. काढलेल्या मालाची किंमत वजा झालीय का, तेही बघा; ही ओळ गाळली जाते.

मजुरीवरचा अधिभार मूळ मजुरीपेक्षाही मोठा असू शकतो. आकडा बघून दचकायला होतं, पण तो मान्य झालेल्या दराने आणि एकदाच लावलाय ना, एवढंच पाहायचं. ‘आकस्मिक खर्च’ प्रत्येक बाबीत आणि पुन्हा तळाशी, असा दोनदा नको. प्रकल्पात केंद्राचा पैसा असेल, तर काय ग्राह्य नि काय नाही हे २३ सीएफआर (केंद्र सरकारची नियमसंहिता), भाग १४०, उपभाग आय मध्ये दिलंय. तो छापून टेबलावर ठेवा.

शंका पाठवताना ‘एस्टिमेट जास्त वाटतं’ असं मोघम लिहू नका. ओळ क्रमांक, तुमचं माप, त्यांचं माप. तेवढ्याने उत्तर लवकर येतं.

मंजुरी दिल्यावर साइटच्या डायरीत फ्लॅगमन किती वाजता आला, किती वाजता गेला, हे रोज लिहायला सांगा. शेवटचं बिल बहुधा प्रत्यक्ष खर्चावर येतं, आणि तेव्हा हीच डायरी समोर ठेवावी लागते.