एकांड्या मधमाश्यांच्या नळ्या आणि त्यातले चोर

तुरीला फुलं येण्याआधी, पाऊस ओसरताना बांबूच्या नळ्यांची जुडी लावली की पानं कापणाऱ्या मेगाकायली माश्या आपणहून येतात. त्यांना पोळं नाही, राणी नाही. एकेक मादी नळीत मागून पुढे कोठड्या रचत येते. प्रत्येक कोठडीत परागाचा ओलसर गोळा, त्यावर एक अंडं, आणि शेवटी नळीच्या तोंडाला बूच.

पण शंभर नळ्या एकाच ठिकाणी असल्या की माश्यांपेक्षा त्यांच्यावर जगणाऱ्यांचीच सोय होते. मोठी शोभिवंत ‘मधमाशी हॉटेलं’ म्हणूनच घेऊ नयेत. वीस-पंचवीस नळ्यांची जुडी पुरे. दुसरी हवी तर चार-पाच मीटर लांब लावा.

नळी आतून 8-9 मिमी, 15 सेंमी लांब आणि मागून गाठीने बंद हवी. लांबीत काटकसर नको: मादीची अंडी आत खोल आणि नराची तोंडाशी घातली जातात, त्यामुळे आखूड नळीत नरच जास्त निपजतात. तोंडाची कड पॉलिश पेपरने घासा, कुसळांनी पंख फाटतात. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉमध्ये दमटपणा कोंडून बुरशी येते. नुसती कागदी नळीही नको. ल्युकोस्पिससारख्या गांधीलमाश्या पातळ भिंतीतून अंडं घालतात. बांबूची जाड भिंत त्यांना जड जाते. बांबूच्या आत मात्र बटर पेपरचं अस्तर घाला. पेन्सिलीवर दोन वेढे देऊन सरकवलं की झालं, पुढे तपासणीला अख्खं ओढून काढता येतं.

जुडी पूर्वेला तोंड करून, छातीइतक्या उंचीवर, न हलणारी बसवा. वर 10 सेंमी पुढे येणारं छप्पर हवं. मुंग्यांसाठी खांबाला चार बोटं रुंद ग्रीसचा पट्टा लावा आणि खालचं गवत त्याला टेकू देऊ नका.

आता चोर. टोकदार पोटाची कोएलिऑक्सिस ही परजीवी मधमाशी मालकीण बाहेर गेली की उघड्या कोठडीत अंडं घालते. तिची अळी आधी यजमानाचा जीव घेते, मग पराग खाते. हिचं नुकसान त्या कोठडीपुरतं राहतं. खरी धास्ती मेलिटोबियाची. जेमतेम मिलीमीटरभर लांबीची ही गांधीलमाशी बंद कोठडीत शिरते, एकाच अळीवर शेकडो पिल्लं वाढवते आणि उबदार हवेत तीनेक आठवड्यांत पुढची पिढी शेजारच्या नळ्यांत घुसते. कुंभारीण माशीची मातीची घरटी तिचं आवडतं ठिकाण, त्यामुळे अशी जुनी घरटी असलेल्या भिंतीवर जुडी टांगू नका.

उपाय एकच: भरलेली नळी उघड्यावर ठेवायची नाही. बूच बसल्यावर दोन-तीन दिवसांत, संध्याकाळी, नळी आडवीच काढा. उभी केली किंवा आपटली तर अंडं परागावरून निसटतं. जागी रिकामी नळी लावा. भरलेल्या नळ्या चार-चारच्या गटाने काचेच्या बरण्यांत ठेवा आणि तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड ताणून बांधा. मच्छरदाणीच्या जाळीतून मेलिटोबिया सहज निघते. बरण्या सावलीत, हवेशीर ठेवा.

तीन आठवड्यांनी प्रत्येक बरणीतलं एकेक अस्तर ब्लेडने हलकेच उघडा. तपकिरी रेशमी कोश किंवा दुधाळ, वाकडी अळी दिसली तर ठीक. तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके अळीवर चिकटलेले असतील, तर मोह न ठेवता अख्खा गट उकळत्या पाण्यात टाका. खडूसारखी कडक झालेली अळी म्हणजे बुरशी. तेवढी काढून जाळा आणि ब्लेड स्पिरिटने पुसा. कीटकनाशक कुठेच फवारू नका, मधमाशीही त्यानेच मरते.

माश्या निघू लागल्या की रोज सकाळी बरणी बाहेर नेऊन त्या सोडा. कापडावर बारीक कीटक फिरताना दिसले तर आधी तिथेच चिरडा. रिकामा बांबू उकळून कडक उन्हात वाळवा. अस्तर दरवेळी नवं घाला.