हबवरचा कोलिजनचा दिवा विझतच नसेल तर

परवा शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात बिलिंगच उघडेना. पाचही कॉम्प्युटर चालू, पण एकाला दुसरा दिसत नव्हता. सगळे कॉम्प्युटर केबलनं एकमेकांना जोडणारा डबा म्हणजे हब; त्याच्यावरचा कोलिजनचा, म्हणजे सिग्नल एकमेकांवर आदळल्याचा दिवा मात्र एकसारखा पेटलेला. टेबलाखाली वाकून बघितलं, तर झाडलोट करताना सुटलेली केबल कुणीतरी चांगल्या मनानं परत खोचली होती आणि तिची दोन्ही टोकं त्याच हबमध्ये! असं झालं की हबमधून निघालेला सिग्नल परत हबवरच येऊन आदळतो, बाकी कशाला वाटच मिळत नाही. एक टोक उपसलं, काम सुरू.

हबवर एकाच कॉम्प्युटरच्या जोडणीचा दिवा लागत नसेल, तर त्याची केबल हबच्या दुसऱ्या पोर्टात, म्हणजे केबल खोचायच्या दुसऱ्या खाचेत लावून बघा. लागला तर पोर्ट गेलाय. नाही लागला तर चालू असलेली दुसरी केबल लावून बघा. केबलच्या टोकाचा जीभ तुटलेला जॅक हमखास ढिला होतो, तो बदलाच.

नवी केबल १०० मीटरच्या आत ठेवा, लेथच्या मोटारींच्या वायरींपासून लांब ओढा. हब एका पोर्टातून आलेला डेटा बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो, त्यामुळे बदलायचाच असेल तर नेटवर्कचा स्विचच घ्या, तो डेटा ज्याचा त्याच्याच पोर्टावर पाठवतो. आणि केबलच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी चिकटवा.