विरळणीने आखडलेला खांदा मोकळा कसा करावा

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) आणि विरळणी (घडातले जादा मणी काढणं) सुरू झाली की दिवसभर हात डोक्याच्या वर आणि नजर मांडवाकडे. मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपेझियस स्नायू तासन्‌तास आवळलेला राहतो आणि संध्याकाळी मान वळेनाशी होते. मग घरातलं कुणीतरी जीव खाऊन रगडतं, आणि सकाळी ठणका वाढलेला असतो. जोर लावला म्हणजे गुण येतो, हा सल्ला आता बंद व्हायला हवा.

गरम पाण्याने आंघोळ करून किंवा शेकून झालं की माणसाला खुर्चीवर उलटं बसवा, कपाळ खुर्चीच्या पाठीवर टेकू द्या. तिळाचं तेल चार थेंब पुरे. तेल हाडात मुरत नाही, ते फक्त हात सरकण्यासाठी असतं. जास्त झालं तर अंगठा गाठीवरून निसटतो. दोन-तीन मिनिटं तळव्याने हलकं चोळा.

आता खरं काम, गाठ शोधणं. मलाही हेच सगळ्यात अवघड गेलं होतं. मान आणि खांद्याचं टोक यांच्या साधारण मध्यावरचं मांस चिमटीत धरा आणि बोटं आडवी फिरवा. एक ताठ पट्टा लागेल, त्यात हरभऱ्याएवढा कठीण भाग. तिथे दाबल्यावर समोरचा ‘हां, हीच कळ’ म्हणतो. कधी ती कळ कानामागे, कपाळाच्या बाजूला जाते. तसं झालं तर जागा बरोबर सापडली.

अंगठा ठेवा, मनगट सरळ, आणि स्वतःचं वजन हळूहळू झुकवा. दुखणं दहापैकी पाच-सहापर्यंतच जाऊ द्या. तिथेच 30 ते 60 सेकंद थांबा, चोळू नका. समोरच्याला सावकाश श्वास सोडायला सांगा. गाठ अंगठ्याखाली मऊ होताना कळते. खांदा वर उचलला गेला किंवा श्वास अडकला, तर जोर जास्त झाला, लगेच कमी करा. शरीराने आवळून धरलं की सगळी मेहनत वाया जाते. एका जागी दोन-तीन वेळाच, मग दुसरी बाजू. गाठ फोडायची नसते. या दाबाने दुखणं कमी होतं आणि स्नायू सैल पडतो. मसाजने लॅक्टिक ॲसिड (मेहनतीत स्नायूत तयार होणारं आम्ल) निघून जातं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ते कामानंतर तासाभरात आपोआप उतरतं.

गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि मणक्याच्या हाडावर दाब देऊ नका. आणि सलूनमध्ये मान कडाड मोडून घेणं तर अजिबात नको. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्याने फाटू शकते.

नंतर मान हळूच दोन्हीकडे वळवा, झालं.

खांद्यासोबत गुडघाही दुखत असेल तर वाटीवर नाही, मांडीच्या पुढच्या स्नायूवर काम करा. झिजलेला सांधा मसाजने भरून येत नाही, आजूबाजूचा ताण मात्र उतरतो आणि चालणं सोपं होतं.

लाल, गरम, सुजलेला सांधा, ताप, एकाच पोटरीला सूज, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणं, यात मसाज नको, आधी डॉक्टर. खांद्यासोबत छातीत आवळल्यासारखं वाटलं तर तेल बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

मळ्यात दर अर्ध्या तासाला हात खाली सोडून मिनिटभर खांदे फिरवा, आणि उंच घडांसाठी पायाखाली स्टूल घ्या.