गरोदरपणात शिशापासून जपायचं कसं

शिसं वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोचतं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं. म्हणून बाळ यायच्या आधी घर रंगवायची घाई नको. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं (आता मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग), आणि तो खरवडताना उडणारी धूळच घातक. काम टळत नसेल, तर गरोदर बाईने तेवढे दिवस दुसरीकडे राहावं. नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू नको.

कल्हई शुद्ध कथलाची असल्याची खात्री नसेल, तर त्या पातेल्यात चिंचेची आमटी करू नका. आंबटाने शिसं सुटतं.

कॅल्शियम कमी पडलं की हाडांत साठलेलं शिसं रक्तात उतरतं. डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी चुकवू नका, फक्त लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब घ्या. रक्ततपासणीत डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं येतंय कुठून ते आधी शोधा.