शाळा निवडायला मदत करणारं साधन घडवताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात हिंगणे खुर्द मुठा नदीच्या एका काठावर, आणि हिंगणे बुद्रुक, म्हणजे आजचं कर्वेनगर, दुसऱ्या काठावर. खुर्दमधल्या एका आईला आमच्या साधनाने जी शाळा पहिल्या क्रमांकावर दाखवली ती पलीकडे होती. अंतर ८०० मीटर. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘‘नदीतून न्यायचं का लेकराला?’’ तेव्हा पलीकडे जायचं तर राजाराम पुलापर्यंत वळसा घालावा लागायचा.

आम्ही नकाशावरच्या दोन ठिपक्यांमधलं सरळ रेषेतलं अंतर मोजत होतो. त्यानंतर ओपन स्ट्रीट मॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरच्या रस्त्यांवरून पायी वाट काढणारी पद्धत आणली, तरी हायवे आणि रेल्वेचे रूळ ओलांडायच्या जागा आम्हाला स्वतः चालून तपासाव्या लागल्या. या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सांगते. पालकांचं साधन घडवायचं तर पहिली आकडेमोड पायांनी करा.

शाळांची माहिती बहुतेक वेळा यूडायसमधून, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीतून, मिळते. प्रत्येक शाळेला ११ अंकी कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढचे दोन जिल्ह्याचे, पुण्याचे २५, मग तालुका, गाव किंवा वॉर्ड, आणि शेवटी शाळा. हा कोड एक्सेलमध्ये कायम मजकूर म्हणूनच ठेवा. महाराष्ट्राचं निभावतं, पण उत्तर प्रदेशचा कोड ०९ ने सुरू होतो आणि एक्सेल ते शून्य गिळून टाकतं. नावावरून शाळा जुळवायचा मोह टाळा. ‘न्यू इंग्लिश स्कूल’ किती आहेत ते एकदा शोधून बघा. त्यातही सरकारी यादीतलं नाव आणि वस्तीतलं नाव वेगळं. पालक ‘पाण्याच्या टाकीजवळची शाळा’ म्हणतात, यादीत ती क्रमांकाने असते. आम्ही शोधासाठी बोलीतल्या नावांचा वेगळा रकाना केला. तो भरायला रिक्षावाल्या काकांइतकी मदत कुणाचीच झाली नाही.

महापालिकेच्या एका इमारतीत सकाळी एक शाळा भरते, दुपारी दुसरी. कधी मराठी माध्यम आणि उर्दू माध्यम एकाच आवारात असतं. कोड वेगळे, मुख्याध्यापक वेगळे, नकाशावरचा ठिपका मात्र एकच. आमच्या पहिल्या आवृत्तीत त्या ठिपक्यावर एकच शाळा दिसायची आणि बाकीच्या तिच्याखाली झाकल्या जायच्या. ज्या घरी आई सकाळी धुणीभांड्याला जाते तिथे सकाळची शाळा की दुपारची, यावरच सगळं ठरतं. भरण्याची वेळ आम्ही नावाच्या अगदी खाली आणली, ती या घरांमुळे.

आता तुलनेबद्दल. नवीन माणसाच्या डोक्यात आधी येतो तो मोठा तक्ता आणि गुण. मीही तसंच केलं होतं. पाच पट्ट्या दिल्या होत्या, फी, अंतर, सुविधा वगैरे. ज्याला जे महत्त्वाचं वाटतं ती पट्टी सरकवायची आणि साधन शाळांचा क्रम लावणार. पालकांनी पट्ट्यांना हातही लावला नाही. एका वडिलांनी शांतपणे विचारलं, ‘‘ताई, यातलं कमी महत्त्वाचं काय आहे?’’ पट्ट्या काढून टाकल्या. त्या जागी आम्ही गाळण्या (फिल्टर) ठेवल्या, कारण घरात विचार तसाच होतो. आधी नाही म्हणायच्या शाळा बाजूला निघतात, दोन-तीन उरतात, आणि त्यांच्यावर खरी चर्चा रंगते. म्हणून एका वेळी दोनच शाळा शेजारी दिसतात. फोनच्या रुंदीत तिसरी बसतही नाही.

शाळांना तारे देऊन दर्जा ठरवणं आम्ही मुद्दाम टाळलं, आणि यावर माझं मत ठाम आहे. यूडायसमधली माहिती शाळाच भरते. खोल्या, शिक्षक, पटसंख्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय, रॅम्प. यातलं काहीच मूल किती शिकतंय ते सांगत नाही. माहितीची ताकद नाही असं मी म्हणत नाही. पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये ताहिर अंद्राबी, जिश्नु दास आणि असीम ख्वाजा यांनी ११२ गावांत प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या गावांत पालकांना आपल्या मुलाचे आणि गावातल्या सगळ्या शाळांचे गुण दाखवणारं प्रगतिपत्रक दिलं. तिथे मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी उतरली. पण त्यासाठी त्यांनी मुलांच्या चाचण्या स्वतः घेतल्या होत्या. आमच्या हातात तसं काही नव्हतं. भिंती आणि नळ मोजून ‘साडेचार तारे’ लिहिणं म्हणजे पालकांची फसवणूक झाली असती. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. शाळेचा आकडा त्याच्या शेजारी ठेवला की पालक स्वतः समजून घेतात.

एक चूक मला आजही लागते. फीचा रकाना रिकामा असेल तर आमचा प्रोग्रॅम तिथे शून्य धरत होता. ‘कमी फी आधी’ असं निवडलं की माहिती न देणाऱ्या शाळा सगळ्यात वर यायच्या. एक बाई कामावरची अर्ध्या दिवसाची सुटी टाकून अशाच एका शाळेत गेली आणि फाटकावरूनच परत आली. तेव्हापासून ‘माहिती नाही’ हे उत्तर आमच्याकडे ठळक अक्षरांत, वेगळ्या रंगात असतं, आणि क्रम लावताना ते शेवटी जातं.

फी म्हणून एकच आकडा दाखवू नका. गणवेश, बूट, वह्या-पुस्तकं, सहल, स्नेहसंमेलन, आणि सगळ्यात जड जाणारी व्हॅन. आम्ही घरोघरी वर्षभराचा खर्च लिहून घेतला तेव्हा काही घरांत व्हॅनचे पैसे फीपेक्षा जास्त निघाले. ‘वर्षाचा अंदाजे खर्च’ ही ओळ पालक सगळ्यात जास्त वेळ वाचतात.

कायद्यातल्या तरतुदी साध्या मराठीत जागच्या जागी द्या. ‘मुलाखत असते का हो?’ हा प्रश्न भीतीने विचारला जातो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे, हे तिथेच लिहिलं पाहिजे. पण नियम प्रोग्रॅमच्या आत पुरून ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने खासगी शाळांतल्या शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागांचा नियम बदलला आणि ज्या खासगी शाळांपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे त्यांना वगळलं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ऐन हंगामात दोनदा सगळं फिरवावं लागलं. नियम तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवले असते तर रात्री जागाव्या लागल्या नसत्या.

‘इयत्ता कुठपर्यंत?’ हा रकाना मला आधी किरकोळ वाटला होता. आपल्याकडे जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, पुढे हायस्कूल अशी, तर कायद्याची पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी. दोन्हींच्या सांध्यावर मुलं अडकतात. जवळची शाळा चौथीला संपते, पुढची लांब, आणि मुलगी असेल तर घरात कुजबुज सुरू होते. पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत मी ज्या आयांशी बोलले त्यांचा पहिलाच प्रश्न ‘पुढे काय?’ असा होता. आता शाळेच्या पानावरच ‘यानंतर पायी जाता येतील अशा शाळा’ दिसतात. या सगळ्या कामातलं मला सर्वांत प्रिय पान तेच.

पालकांच्या मुलाखती जानेवारी ते मार्चमध्ये घ्या. ऑक्टोबरमध्ये लोक आठवून, सावरून बोलतात. प्रवेशाच्या दिवसांत तेच लोक खरी घालमेल सांगतात. संध्याकाळी सात नंतर जा, कारण घरातला स्मार्टफोन तेव्हा घरी येतो. बोलणं झाल्यावर पाच मिनिटं थांबा आणि त्या फोनचं काय करतात ते बघा. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक आई स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर नवऱ्याला, भावाला, नणंदेला पाठवत होती. निर्णय तिथे होणार होता. म्हणून शाळेचं नाव, वेळ, माध्यम, खर्च, पायी अंतर आणि पुढची शाळा हे सगळं एकाच स्क्रीनशॉटमध्ये मावेल असं आम्ही पान पुन्हा आखलं.

सुरुवात करायला कंपनी लागत नाही. आपल्या वॉर्डातल्या वीस शाळा घ्या, कागदावर कार्डं करा, चार घरांत ती पसरून बसा. आमच्याकडे कामासाठी अर्ज करताना अशी कार्डं दाखवणारा उमेदवार मला सुबक रंगांचे स्क्रीन दाखवणाऱ्यापेक्षा जास्त पटतो.

मागच्या हंगामात चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचे वडील आले होते. सातवी झाली होती. रॅम्प आहे का ते यादीत होतं. त्यांना हवं होतं ते, आठवीचा वर्ग तळमजल्यावर भरतो का. असा रकाना कुठेच नाही. आम्ही दोघांनी बसून त्यांच्या वाटेवरच्या अकरा शाळांना फोन लावले. सहा जणांनी उत्तर दिलं, तिघांनी ‘वर्ग खाली आणू’ म्हटलं. तो रकाना आता आम्ही हाताने भरतो, दर जूनमध्ये, फोन करून.