र्‍योआन-जीला सकाळी आठला पोहोचा

जपानमधल्या क्योतोला जाणारे बहुतेक जण आधी किन्काकु-जीचा सोनेरी मंडप गाठतात. माझं ऐका, क्रम उलटा करा. किन्काकु-जी उघडतं नऊला, आणि तिथून चालत वीसेक मिनिटांवर असलेलं दगडांच्या बागेचं मंदिर र्‍योआन-जी मार्च ते नोव्हेंबर आठलाच उघडतं (थंडीत साडेआठला). हा पहिला तास सोन्यासारखा आहे. नंतर बागेसमोरच्या व्हरांड्यात टेकायलाही जागा मिळत नाही.

१४५० साली स्थापन झालेल्या या झेन मंदिरातली बाग म्हणजे पांढरी खडी, शेवाळ आणि १५ दगड, बस्स. फोटो काढून लगेच उठू नका. व्हरांड्यात बसून दगड मोजा, मग दोन हात सरकून पुन्हा मोजा. कुठेही बसलात तरी एखादा दगड दुसऱ्याआड लपलेलाच असतो. समोरची मातीची भिंतही नीट न्याहाळा. माती तेल घालून मळलेली, त्यामुळे शतकानुशतकं तेल पाझरून तिच्यावर तपकिरी ओघळ उमटलेत. मला तर दगडांपेक्षा ती भिंतच जास्त आवडते.

बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून पटकन निघणारे घाला. हिवाळ्यात लाकडी फरशी बर्फासारखी गार पडते, जाड मोजे हवेतच. खडीवर पाय ठेवायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

बाहेर पडताना क्योयोची तळ्याला पूर्ण फेरी मारा. घाईत अनेकांची तीच राहून जाते. रान्देन ट्रामने आलात तर उतरायचं र्‍योआनजी स्टेशनला.